'वायुपुत्रांची शपथ' : नीळकंठाला जाब विचारणारं कोणी उरलंच नाही (कथानक उघड केलं आहे)

शेवटचं_पान

अमीश त्रिपाठींची शिवत्रयी ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा. कोण मरतं, कोण जिवंत निघतं, सगळं खाली येणार आहे.

बाकीच्यांसाठी थोडी उजळणी. मेलुहाचा पहिला भाग इंग्रजीत फेब्रुवारी २०१० मध्ये आला, नागांचा दुसरा २०११ मध्ये आणि वायुपुत्रांचा तिसरा २७ फेब्रुवारी २०१३ ला. तिन्हींचे मराठी अनुवादही आहेत. आयआयएम कोलकात्यातून शिकलेला, विमा कंपनीत नोकरी करणारा एक माणूस शंकरावर कादंबरी लिहितो, प्रकाशक दार उघडत नाहीत, मग पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटलं जातं आणि बघता बघता ती कादंबरी लोकल, एसटी, हॉस्टेल सगळीकडे दिसू लागते. तिसऱ्या भागाच्या वेळी तर गाण्यांचा अल्बमसुद्धा निघाला होता. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या शेवटच्या भागाची वाट किती आतुरतेने पाहिली जात होती ते लक्षात यावं.

नुकतीच तिन्ही पुस्तकं सलग वाचली. तिसऱ्याने पुन्हा निराशा केली. मात्र तेव्हाची निराशा वेगळी होती. तेव्हा वाटलं होतं, सती मेली म्हणून राग आलाय. आता वाटतं, ते कारण नव्हतंच.

पहिल्या दोन भागांचा कणा एक प्रश्न होता : वाईट म्हणजे नेमकं काय? तिबेटातून आलेला गुणांचा टोळीप्रमुख शिव आयुष्य वाढवणारा सोमरस पितो, गळा निळा होतो आणि मेलुहा साम्राज्याचे लोक, भाकितातला नीळकंठ हाच म्हणून, त्याच्या पाया पडू लागतात. त्याला सांगितलं जातं की चंद्रवंशी वाईट. तो त्यांना हरवतो आणि अयोध्येत गेल्यावर कळतं की तीही आपल्यासारखीच माणसं, फक्त जगण्याची रीत निराळी. मग सांगतात, नाग वाईट. दुसऱ्या भागात त्यांच्यामागे जातो तर नागांची राणी काली सतीचीच जुळी बहीण आणि गणेश सतीचाच मुलगा निघतो. दोनदा तोंडावर आपटलेला नायक! लोकप्रिय कादंबरीत इतका चुकणारा नायक मी तरी फार पाहिलेला नाही. आणि पंचवटीच्या शाळेत मेलेला समजलेला शास्त्रज्ञ बृहस्पती जिवंत समोर उभा राहतो तिथे दुसरा भाग संपतो.

तिसऱ्या भागात तोच बृहस्पती सुरुवातीलाच सगळं उत्तर देऊन टाकतो. वाईट म्हणजे कोणी माणूस नाही, सोमरस. एके काळचं सर्वांत मोठं भलं आता सर्वांत मोठं वाईट झालंय : तो बनवायला सरस्वतीचं पाणी लागतं, त्याचं विषारी सांडपाणी तिबेटातल्या त्सांगपो नदीत सोडतात, ते ब्रह्मपुत्रेतून ब्रंगा राज्यापर्यंत जातं आणि तिथे दर वर्षी साथ येते, आणि सोमरसामुळेच काही मुलं व्यंग घेऊन जन्मतात, ज्यांना नाग म्हणून हाकलून देतात. उत्तर सुंदर आहे. पण ते शिवाला शोधावं लागत नाही, ऐकावं लागतं. आणि मग पुढची जवळजवळ सगळी जाडी सैन्य कुठून कुठे गेलं, जहाजं किती, कोणत्या किल्ल्याला वेढा, यातच जाते.

हेही मी चालवून घेतलं असतं. खरी गोची शेवटी आहे. 'वाईट हे माणसात नसतं, ते व्यवस्थेतून बाजूला काढायचं असतं' हे ज्या नायकाने तीन भाग शिकायचं, तोच सतीच्या खुनानंतर अस्त्रं राखणाऱ्या वायुपुत्रांना दिलेली, ते न वापरण्याची शपथ मोडून मेलुहाच्या राजधानीवर, देवगिरीवर, पाशुपतास्त्र टाकतो. तेही समजू शकते. शोकात माणूस काहीही करेल. पण त्यानंतर त्याला 'अरे, हे तू काय केलंस?' असं रोखून विचारणारं कुणीच पुस्तकात शिल्लक राहत नाही. ज्यांनी विचारलं असतं ती माणसं एक तर शहरात जळतात किंवा त्याच्याच बाजूला उभी असतात. लेखक कैलासाकडे निघतो आणि आपल्याला नमस्कार करायला सांगतो.

तुम्हाला काय वाटलं?

काडीपेटी

दहा वर्षांनी जाग आली म्हणायची! (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

निष्कर्षाशी सहमत, पण तुम्ही लढायांना फारच सौम्य शब्दांत सोडलंत. मृत्तिकावती, लोथल, देवगिरी, परत देवगिरी... मी तर नकाशा काढून ठेवला होता. नंतर नकाशाही कंटाळला.

गोदाकाठ

आम्ही नाशिकवाले पहिल्यापासूनच पक्षपाती. देशभर ज्यांना राक्षस समजतात त्या नागांची राजधानी कुठे, तर आमच्या पंचवटीत, गोदावरीकाठी! दंडकारण्यातून तिथे जाणारी लपवलेली वाट, ती वाट फक्त नागांनाच माहीत असणं, शहर कसं असेल याची उत्सुकता, हे सगळं दुसऱ्या भागात झकास जमलं होतं. रामकुंडावर पर्वणीला जी गर्दी होते ती पाहिलेल्या माणसाला 'लपवलेली पंचवटी' ही कल्पनाच गुदगुल्या करते.

तिसऱ्या भागात पंचवटी काय, तर निघायचं ठिकाण. सामान बांधलं आणि चालले. नाग लोक कसे राहतात, व्यंग असलेली माणसं आपलं शहर कसं चालवतात, त्यांची मुलं काय खेळतात, यावर मला अजून शंभर पानं चालली असती. लेखकाला मात्र युद्धाची घाई.

मेलुहाचंही तेच झालं. 'मायका' आठवतंय? सगळी बाळं सरकार ताब्यात घेणार, एकत्र वाढवणार, परीक्षा घेऊन वर्ण ठरवणार आणि मग त्या त्या वर्णाच्या आईबापांकडे देणार. पहिल्या भागात हे वाचून मी चक्रावलो होतो. ही व्यवस्था चांगली की भयंकर? चर्चा करायला एक अख्खा भाग लागेल. शेवटी त्याचं काय झालं? काही नाही.

रसायनवाला

मी सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे सोमरसाच्या भागावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी कौतुक. ऑक्सिजनच माणसाला जगवतो आणि तोच हळूहळू गंजवतो, सोमरस तो गंज थांबवतो, हे स्पष्टीकरण विज्ञानाच्या काठाकाठाने चालतं आणि कादंबरीला तेवढं पुरे. पण लेखकाची खरी दृष्टी दिसली ती कचऱ्यात. अमृत सगळ्यांनी लिहिलं. अमृत बनवताना उरलेलं पाणी कुठे सोडलं, हे विचारणारा पुराणकथांवरचा दुसरा लेखक मला माहीत नाही.

जपानमधल्या मिनामाताची गोष्ट पाहा. तिथल्या रसायन कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी खाडीत जात होतं. पारा माशांत आला, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. सर्वांत भीषण भाग असा, की आईला फारशी लक्षणं नसताना मुलं गंभीर व्यंग घेऊन जन्मत होती. म्हणजे अक्षरशः नाग. कारखान्याच्या स्वतःच्याच डॉक्टरने मांजरांवर प्रयोग करून कारण जवळजवळ शोधलं होतं, ते दाबलं गेलं, आणि त्या पद्धतीचं उत्पादन थांबायला १९६८ उजाडलं. आता सांगा, ही गोष्ट मेलुहात घडवायची तर नाट्य कुठे आहे? पाशुपतास्त्रात, की त्या दाबलेल्या अहवालात?

बृहस्पती हा तो डॉक्टर होता. मंदार पर्वतावरचा मुख्य शास्त्रज्ञ, ज्याने आयुष्यभर सोमरस बनवला आणि मग स्वतःच तो कारखाना उडवायला मदत केली. हा माणूस तिसऱ्या भागाचा नायक व्हायला हवा होता. त्याला लेखकाने व्याख्यान द्यायला बोलावलं आणि नंतर खुर्चीवर बसवून ठेवलं.

अवांतर : त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच नदी, हे पुस्तकात मोठं गुपित आहे आणि प्रत्यक्षातही ते फार उशिरापर्यंत सिद्ध झालं नव्हतं. १८८० मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने किंथुप नावाच्या माणसाला तिबेटात पाठवलं होतं. खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे आणि आसामात ते येतात का पाहायचे, अशी योजना. सोबतच्या माणसाने त्याला गुलाम म्हणून विकलं, तो पळाला, परत कामाला लागला, ओंडके सोडले. पण त्याचा निरोप खाली पोहोचलाच नव्हता, त्यामुळे आसामात नदीकडे बघत कुणी बसलंच नव्हतं. या एका माणसावर कोणी कादंबरी लिहिली तर मी आत्ताच पैसे भरतो.

दूरदेशी

किंथुपची माहिती जबरदस्त. वाचनखूण साठवली.

उंटावरचा_शहाणा

मंडळी, जरा खाली उतरा. ही त्रयी कोणासाठी होती? ज्या पोरांनी पाठ्यपुस्तकापलीकडे काही वाचलं नव्हतं त्यांच्यासाठी. माझा धाकटा भाऊ त्यातलाच एक. मेलुहाने त्याला वाचायला लावलं, पुढे तो कुठून कुठे गेला. तुम्ही त्यात दर्शनशास्त्र आणि पर्यावरण अभ्यास शोधताय आणि सापडलं नाही म्हणून रडताय.

रोमांचक कादंबरीच्या शेवटी मोठा स्फोट हवाच. नायक चिडला पाहिजे, अस्त्र सुटलं पाहिजे. शंकर आहे तो! तिसरा डोळा उघडायचाच नाही, तर मग गोष्ट कोणाची?

आणि एक, देवगिरीच्या लोकांना बाहेर पडायची मुभा दिलेली आहे. ती तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. बरेच जण स्वतःहून थांबतात.

शेवटचं_पान

@उंटावरचा_शहाणा, गाळली नाही, तिच्यावर वेगळं लिहायचं होतं. ती मुभा हीच मला पळवाट वाटते. शहर जाळायचं, पण नायकाच्या हाताला रक्त लागू द्यायचं नाही, म्हणून जे मरतात ते 'स्वेच्छेने' मरतात. लेखकाने त्याला खरंच निरपराध माणसं मारायला लावलं असतं तर ते जास्त प्रामाणिक झालं असतं. किंवा मग अस्त्र टाकायलाच नको होतं. हे मधलंच काहीतरी झालं.

आणि पोरांना वाचायला लावलं हे शंभर टक्के मान्य. पण 'पोरांसाठी आहे' म्हणून शेवट ढिसाळ चालतो, हे नाही पटत. पहिले दोन भाग त्याच पोरांसाठी होते आणि त्यांत दोनदा तोंडावर आपटणारा नायक होता. तेव्हा पोरांना झेपलं की!

चाफ्याची_फांदी

सतीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते.

आपल्याकडची दक्षयज्ञाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दक्ष यज्ञ करतो, जावयाला बोलावत नाही, सती न बोलावता माहेरी जाते, भर मंडपात नवऱ्याचा अपमान ऐकते आणि स्वतःला संपवते. हरिद्वारजवळ कनखलला ती जागा दाखवतात. मग वीरभद्र यज्ञ उधळतो, दक्षाला बोकडाचं डोकं लागतं, आणि तिच्या देहाचे तुकडे जिथे जिथे पडले तिथे शक्तिपीठं झाली.

आता त्या गोष्टीत सती काय करते ते पाहा. ती बापाला नाकारते. 'तुझ्यापासून मिळालेलं हे शरीरच मला नको' इथपर्यंत जाते. आजच्या वाचकाला आत्मदहन पटणार नाही, मलाही पटत नाही, पण निर्णय तिचा आहे आणि सगळ्या विश्वाची घडी त्या एका निर्णयाने विस्कटते.

कादंबरीत काय होतं? शांततेच्या बोलण्यांसाठी ती देवगिरीला जाते, दक्षाने शिवासाठी रचलेल्या कटात सापडते आणि इजिप्तहून आणलेल्या मारेकऱ्यांशी लढत मरते. लढाई लिहिली आहे झकास. ती किती जणांना लोळवते, शेवटपर्यंत हार मानत नाही, सगळं ठीक. पण तिच्या मरणाचा अर्थ काय? चुकीच्या ठिकाणी सापडली. आत्मदहन काढून टाकणं बरोबरच होतं; त्याच्या जागी तिचा दुसरा कुठला तरी निर्णय हवा होता. तलवार हातात दिली की बाई सबल झाली असं मानून लेखक मोकळे झाले.

पहिल्या भागातली सती विकर्म कायद्याखाली जगत होती, पूर्वजन्मीच्या पापाचा शिक्का घेऊन, आणि तो कायदा चुकीचा आहे असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं! केवढं गुंतागुंतीचं पात्र. तिने शेवटी बापासमोर उभं राहून त्या कायद्याचा, गणेशला टाकून देण्याचा, कालीला लपवण्याचा हिशोब मागितला असता तर?

गोदाकाठ

चाफाताई, शेवटच्या परिच्छेदाला साष्टांग.

काडीपेटी

+१. आणि दक्ष शेवटपर्यंत बावळटच राहतो हे अजून एक दुखणं. सगळी सूत्रं राजगुरू भृगूकडे. मेलुहासारखं साम्राज्य चालवणारा माणूस इतका येडा?

आता मी एक स्तुती करतो, नाहीतर म्हणाल काड्याच टाकतो. पर्वतेश्वर! अख्ख्या तिसऱ्या भागातला एकमेव माणूस ज्याच्यासाठी जीव तुटला. शिवावर त्याची भक्ती खरी, सोमरसाबद्दल शिवाचं म्हणणं खोटं नाही हेही त्याला कळतं, तरी मेलुहाचा सैनिक म्हणून मेलुहाच्या बाजूने उभा राहतो. आनंदमयी अयोध्येची राजकन्या, तिचा सगळा गोतावळा शिवाकडे, ती नवऱ्यासोबत जाते. दोघं देवगिरीतच थांबतात. आपण कर्णावर वाढलेली माणसं, आपल्याला हे बरोबर लागतं.

उंटावरचा_शहाणा

पर्वतेश्वराबद्दल भांडण नाही. तिथे आपली युती.

पोथीवाचक

धागा उशिरा पाहिला. मला वेगळी बाजू मांडायची आहे. हा शेवट अचानक आलेला नाही, पहिल्या भागातच पेरलेला आहे.

देवगिरीची रचना आठवा. तीन प्रचंड चौथऱ्यांवर वसलेलं शहर. चौथऱ्यांची नावं काय? स्वर्ण, रजत, ताम्र. आता त्रिपुराची कथा घ्या. तारकासुराच्या तीन मुलांसाठी मयासुराने तीन पुरं बांधली : सोन्याचं, रुप्याचं आणि लोखंडाचं. ती एका रेषेत येतील तेव्हाच, एकाच बाणाने नष्ट होतील असा वर. शंकराने एका बाणात तिन्ही जाळली, म्हणून तो त्रिपुरारी. आपण कार्तिकी पौर्णिमेला दीपमाळ लावतो, त्रिपुर पाजळतो, तो याच दहनाचा उत्सव.

म्हणजे मेलुहाच्या राजधानीत पाय ठेवता क्षणी लेखकाने सांगून टाकलंय की हे शहर शंकराच्या हातून जळणार. पुराण माहीत असलेल्याला ते दिसतं. असुरांची पुरंही वाईट नव्हती हेही लक्षात घ्या. कथेत ते असुर तपस्वी आहेत, शिवभक्त आहेत, पुरं समृद्ध आहेत. मेलुहाही तशीच : शिस्तीची, स्वच्छ, रामाच्या नियमांवर चालणारी. तेव्हा 'चांगल्या शहराला का जाळलं' हा प्रश्न मूळ कथेतच आहे. अमीशने तो निर्माण केलेला नाही, उलट इमानाने उचलला आहे.

शिवाय काळ पाहा. कादंबरी इसवी सनापूर्वी १९०० मध्ये घडते. मोहेंजोदडो, हडप्पा ही शहरं ओस पडू लागली तो साधारण हाच काळ. तिथल्या मुद्रेवरच्या योगासनातल्या आकृतीला पशुपती म्हणायची पद्धत आहे, ती बरोबर की चूक हा वाद निराळा. शहरं का संपली याचं उत्तर लेखकाने आपल्या परीने दिलं : एक नदी आटली आणि एक अस्त्र सुटलं.

रसायनवाला

चौथऱ्यांचं माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं! मान गये.

फक्त अस्त्राच्या भागावर थोडी कुरकुर. मोहेंजोदडो अणुस्फोटाने नष्ट झालं अशी एक वावडी कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) अधूनमधून फिरते. पुरातत्त्वात तिला काडीचा आधार नाही. रस्त्यात पडलेले सांगाडे पाहून पुरातत्त्वज्ञ व्हीलरने एकेकाळी आक्रमणाची कत्तल सांगितली होती, तीही १९६४ मध्ये डेल्सने एका लेखात मोडीत काढली, कारण ते सांगाडे एकाच वेळचे नाहीतच. नदी, पाऊस, व्यापार असं सावकाश काहीतरी झालं असं आज मानतात. कादंबरीकाराला वाट्टेल ते स्वातंत्र्य आहे, पण सरस्वती आटण्याचा सावकाश मृत्यू हातात असताना स्फोट निवडणं, हे मला कल्पनेचं दारिद्र्य वाटतं. सोमरसाचा अर्थच हळूहळू होणारी हानी असा होता ना?

शेवटचं_पान

@पोथीवाचक, फार छान प्रतिसाद. तीन चौथरे मलाही आधी जुळले नव्हते.

पण यामुळे माझी तक्रार कमी होत नाही, वाढते. शेवट पहिल्यापासून ठरलेला होता, तर मग त्याची तयारी नायकाच्या मनात का नाही? शहराच्या नकाशात पेरून काय उपयोग!

इथे मला इरावतीबाई कर्वे आठवतात. महाभारतावरच्या 'युगान्त'मधला मयसभेवरचा लेख. खांडववन जाळलं, प्राणी, पक्षी, नाग सगळे होरपळले, कृष्णार्जुन चहूबाजूंनी उभे राहून पळणाऱ्यांना मारत होते. बाईंनी कृष्ण म्हणून त्याला सूट दिली नाही, अर्जुन म्हणून त्याला दिली नाही. पराक्रम म्हणून जे सांगितलं जातं त्याची किंमत कोणी चुकवली, हे त्यांनी शांतपणे विचारलं. आणि हे १९६७ चं पुस्तक आहे, मराठी घराघरांत असलेलं. पुराणातल्या माणसांना माणूस करायचं असेल तर त्यांच्या कृत्याचा हिशोबही माणसासारखा मांडावा लागतो. अमीश पहिल्या पानापासून सांगतात की शिव हा देव नव्हता, तो माणूस होता. चिलीम ओढणारा, नाचणारा, विनोद करणारा. ठीक. पण मग शेवटी त्याला देवाची सवलत का?

उंटावरचा_शहाणा

कारण शंकर आहे तो. :)

आता खरंच हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट). एक सांगा, शिवाच्या मनोभूकाकाचं प्रकरण कोणाला आवडलं का? नीळकंठ आपोआप प्रकट झाला नव्हता, लहानपणी काकाने दिलेल्या औषधामुळे सोमरस प्यायल्यावर त्याचा गळा निळा झाला. मला तो उलगडा तिसऱ्या भागातला सर्वांत भारी वाटला होता.

चाफ्याची_फांदी

उलगडा भारीच आहे, आणि किती पटकन उरकलाय! आपण देवाने निवडलेले नाही, आपल्याला काकाने बनवलंय, हे कळल्यावर माणसाचं काय होईल? ज्या भाकितावर लाखो लोक लढायला तयार झाले तेच मुळात आखलेलं. शिव ते ऐकतो, दोन मिनिटं चकित होतो, मग अस्त्र मागतो. मी तर म्हणेन शेवटचं_पान यांचा प्रश्न खरा इथून सुरू होतो.

पोथीवाचक

इरावतीबाईंचा मुद्दा डोक्यात घोळत राहिला, म्हणून पुन्हा पोथी काढली.

मी वर म्हणालो की शेवट पुराणाला धरून आहे. अर्धंच खरं. मत्स्यपुराणात त्रिपुर जळतं तेव्हा वर्णन फक्त बाणाचं आणि जयजयकाराचं नाही. जळणाऱ्या नगरीतल्या बायका तिथे बोलतात. अग्नीला उद्देशून बोलतात. तू निर्दय आहेस, आम्ही तुझं काय वाकडं केलं, असं त्याच्या तोंडावर सांगतात. जळणारी घरं, बागा, कुशीतली मुलं, सगळं श्लोकामागून श्लोक येतं. देवाचा विजय सांगायला बसलेला पुराणकार मधेच थांबून हरलेल्यांच्या घरात शिरतो. पुढे संस्कृत कवींनाही त्या बायका विसरता आल्या नाहीत. अमरुशतकाच्या सुरुवातीलाच मंगलाचरणात डोळे भरून आलेल्या त्या त्रिपुरस्त्रिया आहेत, शंभूच्या बाणाचा अग्नी त्यांच्या पदराला झोंबतोय आणि त्या त्याला झिडकारतायत. देवाला केलेल्या वंदनातच!

आणि रुद्राक्ष. रुद्राक्षजाबालोपनिषदात शंकर स्वतः सांगतो की त्रिपुरवधाच्या वेळी माझ्या डोळ्यांतून जे अश्रू पडले त्यांचे रुद्राक्ष झाले. त्या अश्रूंची कारणं टीकाकार आपापल्या परीने लावतात, पण परंपरेने ते दहनाला जोडून ठेवले हे महत्त्वाचं.

कादंबरीत दक्ष-वीरिणीचा शेवट येतो, पर्वतेश्वर-आनंदमयीचा येतो. ही राजवाड्यातली माणसं. ताम्र चौथऱ्यावर राहणारी, मायकातून मिळालेलं मूल कडेवर घेतलेली एखादी बाई माझ्या तरी लक्षात राहिलेली नाही. मुभा मिळूनही जे थांबले ते का थांबले, हे त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. पेरणीबद्दलचं माझं मत कायम आहे. कापणीबद्दल धागाकर्तीशी सहमत.

गोदाकाठ

पोथीवाचक काका, यावर स्वतंत्र लेख येऊ द्या. खरंच.

नवा_वाचक_०७

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. इशारा न वाचता सगळा धागा वाचून काढला. मी दुसऱ्या भागाच्या मध्यावर आहे, इच्छावर गावातल्या सिंहांच्या हल्ल्यापर्यंत. तिसरा घेऊ की नको? आणि त्यानंतरची रामाची मालिका कशी आहे?

काडीपेटी

धन्य आहात. इशारा पहिल्याच ओळीत होता!

तिसरा घ्या, वाचनालयातून घ्या. बृहस्पतीचं व्याख्यान नीट वाचा, वेढे चाळा, पर्वतेश्वर जिथे जिथे येईल तिथे थांबा.

रामाच्या मालिकेत राम, सीता, रावण यांची तीन पुस्तकं समांतर चालतात आणि २०२२ च्या चौथ्या भागात लंकेच्या युद्धात एकत्र येतात. रावणाचं सर्वांत बरं. चौथ्याबद्दल इथे काही लिहीत नाही, नाहीतर शहाणे पुन्हा उंटावर चढतील.

उंटावरचा_शहाणा

चढलोच. चौथा भाग मला आवडला होता. काढा नवीन धागा, बघतो एकेकाला.

शेवटचं_पान

काढते. रविवारपर्यंत वेळ द्या, लंकेचं युद्ध पुन्हा वाचावं लागेल. रसायनवाला, तोवर किंथुपवर तुम्ही लिहा.